नानांच्या पानातलं गोड

काशीला येऊन गंगासुद्धा उत्तरेकडे वळली. आमचे नाना कुणाच्या सांगण्यावरून इकडचे तिकडे वळतील तर शपथ.

नाना म्हणजे माझे सासरे, ढुंढिराजशास्त्री. राजा घाटावर मराठी यात्रेकरूंचे विधी करतात. नागपूर, अकोला, सातारा, कुठूनही माणसं येतात, कुणाला गंगापूजन करायचं असतं, कुणाला वडिलांचं श्राद्ध, आणि आजोबांच्या काळापासून ज्यांची घरं ठरलेली आहेत ती सगळी आमच्याच दारात उतरतात. नाना उंच, गोरे, पोट पुढे, आवाज असा की पलीकडच्या वाळूवरच्या माणसानं आचमन करावं. सत्तरी उलटली तरी दात शाबूत. कसे नसणार? मऊ पदार्थांशिवाय त्यांना कधी काही चावावंच लागलं नाही. श्राद्धाची खीर, गंगापूजनाची पुरणपोळी, कुणी आनंदानं आणलेला पेढा, कुणी दुःखानं आणलेली बर्फी. ज्याच्या घरी कार्य, त्याच्या घरचं गोड. चाळीस वर्षं हा माणूस परक्यांच्या सुखदुःखावर साखर खात आलाय.

मी नागपूरची. लग्न होऊन इथं आले तेव्हा मला वाटलं होतं, शास्त्र्यांचं घर, कसं नेमानिष्ठेचं असेल! नेम होते, पण सगळे दुसऱ्यांसाठी. मी इथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते, माझा नवरा प्रसन्न बँकेत आहे, मुलगी रुची अकरावीत आहे आणि घरात निम्मं हिंदीच बोलते. राजा घाटामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. खाली साड्यांचं गोदाम, वर माकडं, मध्ये आम्ही.

नानांना मधुमेह बरीच वर्षं आहे. घरात त्याला ‘शुगर’ म्हणतात, जणू पाहुणी आलीय. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांचे डोळे फारच मंदावले. मोतिबिंदू दोन्हीकडे पिकलेला. डॉक्टरांनी साफ सांगितलं, शुगर खाली आल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही, जखम भरली नाही तर डोळा जाईल. नाना म्हणाले, “ठीक आहे.” नानांचं ‘ठीक आहे’ म्हणजे काय, ते मला त्या दिवशीच कळायला हवं होतं.

कारण ते घाटावर जाणं काही थांबवेनात. पायऱ्या पाठ आहेत म्हणे! मंत्र पाठ असणं वेगळं आणि पायऱ्या पाठ असणं वेगळं. मंत्रावर शेवाळ धरत नाही. कार्तिकात एकदा घसरलेच. नाववाल्यांनी वरच्यावर धरलं म्हणून, नाहीतर गंगापूजन करता करता गंगार्पणच झालं असतं. त्या दिवशी प्रसन्न पहिल्यांदा वडिलांवर ओरडला. “ऑपरेशन होईपर्यंत घाट बंद, नाना. बास!”

नानांनी खांद्यावरचा पंचा झटकला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “घाट बंद केला तर मी काय करू, सूनबाई? गच्चीत बसून माकडं मोजू? तीही आता नीट दिसत नाहीत.”

ते हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही. मला खरंच भीती वाटली. घाटाशिवाय हा माणूस एक पावसाळा काढणार नाही, हे त्यांच्या मुलापेक्षा मला जास्त दिसत होतं. म्हणून मीच तडजोड केली. कार्यापुरतं जायचं, प्रसन्नचा हात धरून जायचं आणि गोड बंद. “गोड बंद” म्हटल्यावर नानांचा चेहरा असा झाला की मलाच पुढचं बोलावं लागलं, “बाहेरचं बंद. घरी मी करून देईन. साखरेशिवाय.” तिथे माझी चूक झाली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे.

शाळेतून आले की मी कामाला लागायची. साखर नाही. गूळही नाही, कारण डॉक्टर म्हणाले गूळ म्हणजे साखरेचा गावाकडचा भाऊ. मग गोडी कुठून आणायची? राहिला खजूर. त्यातही साखर असतेच, डॉक्टरांनी बजावलं होतं, पण जेवणानंतर लहान लिंबाएवढा एक लाडू चालेल, आतला चोथा तरी पोटात जाईल. मग मी खजूर बियांसकट आणून स्वतः फोडू लागले, कारण बिनबियांच्या पाकिटातला चिकट पाक मला संशयास्पद वाटायचा. तुपाच्या थेंबावर तो परतायचा, चमच्यानं दाबत दाबत त्याचा गोळा करायचा, मग त्यात भाजलेले तीळ, अळशी, कुटलेले मखाणे. कधी रामदाना, म्हणजे आपला राजगिरा, कढईत फुलवून त्यात मिसळायचा. रामदाना फुलतो तेव्हा निम्मा कढईत आणि निम्मा माझ्या केसांत. सातूच्या पिठाच्या वड्या केल्या, अक्रोडाचे रोल केले, ते थापताना हाताला असे चिकटायचे की दाराची कडी उघडायला रुचीला हाक मारावी लागायची. खजूर म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातलं सिमेंट झालं होतं. त्याशिवाय काही उभंच राहीना.

आणि नाना? नाना कौतुक करायचे. तेच तर! डबा उघडला की आधी नाकाजवळ नेऊन विचारायचे, “ह्यात काय घातलंयस?”

“मखाणे, तीळ, खजूर.”

“खजूर! वा, वा! अन्नपूर्णा आहेस.” आणि तो लाडू कागदात बांधून खिशात. “घाटावर खाईन. आत्ता पोट भरलंय.”

दुसऱ्या दिवशी, “ह्यात काय?”

“सातू आणि खजूर.”

“वा, वा!” पुन्हा कागद, पुन्हा खिसा.

एकदा शाळेतून यायला उशीर झाला म्हणून मी रताळ्याचा नुसता कीस परतला, वर खोबरं. तर हा मनुष्य तिथल्या तिथे दोन बशा चाटून मोकळा! मला इतका राग आला. तास तास खपून केलेल्या गोष्टी खिशात जातात आणि रताळं पोटात जातं.

शुगर काही उतरेना. घरातलं मशीन आकडा दाखवी तो पाहून मी मशीनच बदललं. नवं मशीन जुन्याहून निर्दय निघालं. डॉक्टरांकडे गेलो तर डॉक्टर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “घर में मीठा कौन बनाता है?” जसं काही मी मुद्दाम सासऱ्यांना पाक पाजते! नाना शेजारी साळसूदपणे बसलेले. “बहू खूप करते हो, डॉक्टरसाहेब,” म्हणाले. मराठी आणि हिंदीची खिचडी करून त्यांनी मला व्यवस्थित फासावर दिलं.

घरी येऊन प्रसन्न म्हणाला, “मालविका, तू ते लाडू करणंच बंद कर ना. खजुरानंच वाढत असेल.”

मी कढई इतक्या जोरात ठेवली की खालच्या गोदामातला माणूस वर बघायला आला.

आता नानांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. काशीला किंवा गयेला आलं की आपल्याकडे काहीतरी सोडून जायचं असतं. गेलेल्या माणसाच्या नावानं एखादी आवडीची वस्तू जन्मभरासाठी सोडायची, एखादं फळ, एखादी भाजी. नानांचे यजमान संकल्पाला बसले की हा प्रसंग यायचाच. आणि माणसं काय सोडतात? कारलं. शेपू. पडवळ. एकानं तर ड्रॅगन फ्रूट सोडलं, जे त्यानं आयुष्यात एकदाच खाल्लं होतं आणि थुंकलं होतं.

मग नाना कडाडायचे. मी कित्येकदा ऐकलंय, कारण यजमानांचं जेवण बहुतेकदा आमच्याच घरी असतं आणि हा विषय पानावरही निघतो. “अहो, तुम्ही जे इथं सोडता ते तिकडं त्यांच्या पानात पडतं! बाप जन्मभर तुमच्यासाठी राबला, आणि तुम्ही त्याच्या पानात कारलं वाढणार?” यजमानाचा चेहरा पडायचा. दहातला एखादा खरंच हेलावून आंबा सोडायचा, भजी सोडायचा. एक पोलीस तर चहा सोडून रडला होता. आणि जे काय सोडायचं ते मोठ्यानं सांगायला लावायचे नाना. चोरटा संकल्प त्यांना चालत नसे.

माझ्या सासूबाई, आनंदी त्यांचं नाव, गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचं करायला नाना गयेला गेले, तिथल्या उपाध्यायांकडे बसले आणि परत आले. प्रसन्ननं विचारलं, “नाना, काय सोडलंत?” तर म्हणाले, “सोडलेलं सांगायचं नसतं. पुण्य जातं.” जगाला मोठ्यानं बोलायला लावणारा माणूस! पण दुःखात होते, आम्ही गप्प बसलो. त्यानंतर त्यांना आम्ही दुःखात फारसं पाहिलंही नाही. तेराव्यानंतर पुन्हा घाट, पुन्हा यजमान, पुन्हा पुरणपोळी. सासूबाईंचं नाव निघालं की विषय बदलायचे. मला तेव्हा वाटायचं, पुरोहिताला मरणाची सवय झालेली असते.

तर एका रविवारी, पौषातलं धुकं होतं, नाना आणि प्रसन्न एका अकोल्याच्या मंडळींना घेऊन नावेनं गेले आणि नाना मफलर विसरले. मी मफलर घेऊन राजा घाटावर उतरले. नाव अजून परतायची होती. वरच्या कोपऱ्यावर लल्लन सावची चहाची टपरी आहे. मी कधी तिथं थांबत नाही, पण थंडीनं बोटं आखडली होती. लल्लननं मला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“अरे बहूजी! आइए, आइए. आपका लड्डू तो यहाँ एकदम फ़ेमस है! ऊ मखाने वाला तो गजब था. सातू वाला जरा सूखा हो गया था, बुरा मत मानिएगा.”

मी म्हटलं, “कौन सा लड्डू?”

“खजूर वाला! पंडितजी रोज़ लाते हैं, सबको बाँटते हैं. खुद नहीं खाते. कहते हैं हमको मना है. हम लोग बोले, पंडितजी, आप इतना अच्छा चीज खिलाते हैं, तो कुछ हमारी तरफ से भी लीजिए.” आणि त्यानं अभिमानानं बाजूचा द्रोण दाखवला. “उनका लवंगलता आज भी मँगवा के रखे हैं. रोज़ एक. चौक से, गरम. प्रसन्न भइया नाव ठीक करने नीचे उतरते हैं, तभी खा लेते हैं.”

लवंगलता ज्यांना माहीत नाही त्यांचं नशीब. मैद्याची घडी, आत खवा, वरून लवंग टोचलेली, तुपात तळायची आणि मग पाकात बुडवून ठेवायची, पाक आतपर्यंत मुरेस्तोवर. मधुमेही माणसासाठी त्याहून वाईट वस्तू कुणाला शोधायची असेल तर नवीन शोध लावावा लागेल.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, आणि पाषाण तरी कोरडा कुठे, पाकात बुडवलेला! केसातला रामदाना मी वेचायचा, डॉक्टरांचा टोमणा मी खायचा, नवऱ्याचं “बंद कर” मी ऐकायचं, आणि माझ्या लाडवांवर घाटावरची पंगत उठते! मी तो द्रोण उचलला आणि मफलर टपरीवरच टाकून घरी आले.

नाना जेवायच्या वेळी आले. प्रसन्न यजमानांना हॉटेलवर सोडायला गेला होता. मी नानांच्या पानात पोळी नाही वाढली, भात नाही वाढला. मधोमध तो द्रोण ठेवला.

नानांना नीट दिसत नाही, पण वास आला. पाटावर बसता बसता थबकले.

“लल्लन भेटला वाटतं,” म्हणाले.

“भेटला. सातूचा लाडू सुका होतो म्हणाला. पुढच्या वेळी घाटाच्या पसंतीनं करीन!” माझा आवाज चढलेला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. “नाना, डोळे जातील तुमचे. घाटावर पडाल. मी हे सगळं कुणासाठी करते? तुम्हाला खायचं नव्हतं तर तोंडावर सांगायचं, मालविका, तुझे लाडू घशाखाली उतरत नाहीत. मी समजले असते. ही वा वा कशाला? ही फसवाफसवी कशाला?”

“लाडू चांगलेच असतील,” ते म्हणाले. “वास फार चांगला येतो.”

“मग?”

 ते पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

“मला खजूर चालत नाही, सूनबाई. गयेत सोडलाय.”

 घरात इतके महिने खजुराचा डोंगर फोडतेय आणि हा माणूस आज सांगतोय!

“अहो, मग आधी का नाही सांगितलंत? मी दुसरं काही केलं असतं!”

“सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तिच्या नावानं खजूर का सोडला? खजूर तर तुम्ही खातच नव्हता.” त्यांनी मान खाली घातली. “खरंय. नव्हतोच खात. चाळीस वर्षं लोकांना दरडावतोय, आवडीचं सोडा, आवडीचं सोडा. माझी पाळी आली तेव्हा अक्षयवटाखाली हातात पाणी घेतलं, तो उपाध्याय म्हणाला, बोला, काय सोडता, आणि माझ्या तोंडून निघालं, खजूर. कारलं सोडणाऱ्यांच्या रांगेतला मी.”

राग अजून होता माझा. असा एकदम जात नाही तो. मी तोंडाला येईल ते बोलून गेले, “आणि सासूबाईंना खजूर मुळीच आवडायचा नाही! एकादशीच्या ताटातला खजूर त्या उचलून माझ्या पानात टाकायच्या. तुम्हीच म्हणता ना, सोडलेलं तिकडं पानात पडतं? इतकी वर्षं त्यांच्या पानात खजूर पडतोय, नाना! रोज!”

बोलले आणि जीभ चावली. नानांचा चेहरा असा झाला की मला द्रोण उचलून फेकून द्यावासा वाटला.

“मला माहीत आहे,” ते अगदी हळू म्हणाले. “त्याच वेळी कळलं होतं. पण ही लवंगलता सुटेना. मी संध्याकाळी चौकातून आणायचो, तुला आठवतं? द्रोणात एकच. दोन आणली तर ती ओरडायची, पैसे वर आलेत का म्हणून. अर्धी ती खायची, अर्धी मी. ते सोडलं असतं तर दोघांचं मिळून माझ्याकडे काय राहिलं असतं?” मग म्हणाले, “आता अख्खी मलाच खावी लागते.”

“आणि खजूर?”

“तिच्या नावानं एकच गोष्ट सोडली, तीही फुकटची. निदान ती तरी मोडायची नाही, असं ठरवलं. आता नेमकी तीच तू रोज पुढ्यात आणून ठेवतेस. देवाला विनोद कळतो, सूनबाई.”

मी द्रोण उचलून ओट्यावर ठेवला आणि त्यांना पोळी वाढली.  पण हातानं वाढत असताना माझं डोकं चालूच होतं. मी शास्त्र्यांची सून आहे. इतकी वर्षं पडद्याआडून त्यांचा उपदेश ऐकलाय. त्यांचाच एक ठरलेला जबाब होता, कारलं सोडून पस्तावलेल्या यजमानांसाठी.

“नाना, एकदा सोडलेलं परत घेता येत नाही ना?”

“नाही.”

“पण आणखी सोडायला कुणाची मनाई आहे?”

त्यांचा घास हातात राहिला. हे वाक्य त्यांचंच आहे हे त्यांना कळलं. वैतागून म्हणाले, “सूनबाई, तू पुरोहित व्हायला हवी होतीस.”

“उद्या सकाळी,” मी म्हटलं. “मी घेऊन जाते तुम्हाला. शाळेत सुट्टी टाकते.”

दुसऱ्या दिवशी धुकं इतकं होतं की पाणी कुठून सुरू होतं ते कळत नव्हतं. मी त्यांचा दंड धरून एकेक पायरी उतरवली. ते पायानं चाचपत होते आणि वर मलाच सांगत होते, “इथं जरा मोडकी आहे, सांभाळ.” मोतिबिंदू यांना आणि सांभाळायचं मी! खालच्या पायरीवर बसलो. त्यांनी आचमन केलं, हातात पाणी घेतलं, आणि घासाघीस सुरू झाली. मला वाटलंच होतं.

“साखर सोडतो. पण गूळ?”

“गूळही.”

“तिळगूळ? संक्रांत पुढच्याच आठवड्यात आहे.”

“नाना!”

“मध? पंचामृतातला?”

“तीर्थाचा थेंब चालेल. पळीभर नाही.”

“बरं,” ते म्हणाले. “आणि लवंगलता तर साखरेतच आली.”

“ती वेगळी बोला. मोठ्यानं. चोरटा संकल्प चालत नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझा आवाज आला त्या बाजूला. मग नदीकडे तोंड केलं आणि म्हणायला लागले. गोत्र आलं, तिथी आली, आनंदवनात, म्हणजे काशीत, गंगेच्या पश्चिम तीरावर. घाटभर ऐकू जाणारा तो नेहमीचा आवाज. मग सासूबाईंचं नाव आलं आणि आवाज तिथेच थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. ज्या माणसानं हजारो लोकांकडून त्यांच्या बायकांची, आयांची नावं न चुकता म्हणवून घेतली, त्याला स्वतःच्या बायकोचं नाव घेता येईना. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं. मी पुन्हा भरून दिलं. तेही गळलं. तिसऱ्यांदा मी त्यांच्या हाताखाली माझा हात धरला, आणि मग त्यांनी म्हटलं, “आनंदी. लवंगलता सोडली. गोड सोडलं.” संस्कृतात नाही, मराठीत. आणि पाणी सोडून ते रडले. तेराव्याला जे रडले नव्हते ते त्या दिवशी, पायरीवर, सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. मीही रडले. कुणाच्या नावानं ते मला नेमकं सांगता येणार नाही.

त्यानंतर नाना गोड खात नाहीत. म्हणून काही माझा त्रास संपला असं समजू नका. साखर नाही, गूळ नाही आणि आता खजूरही नाही! सुक्या अंजिरानं लाडू वळून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणते. अंजीर भिजवलं तर लाडू बसतो, नाही भिजवलं तर मिक्सर बसतो. मनुकांवरून पुन्हा वाद झाला, मनुका गोडात येतात की फळात. मी फळात टाकल्या, विज्ञान शिकवते म्हणून. लल्लन साव निरोप पाठवतो की मखाण्याचा माल बंद का झाला. हे सगळं करून जेवणानंतर त्यांना मिळतो लहान लिंबाएवढा एक लाडू. तो आता खिशात जात नाही. शुगर हळूहळू उतरली. होळीनंतर एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि पट्टी निघाल्यावर माझ्याकडे निरखून बघत नाना म्हणाले, “सूनबाई, तुझे केस पांढरे झालेत.” मी म्हटलं, “कुणामुळे झालेत ते विचारा.”

गेल्या महिन्यात नागपूरचे एक यजमान आले होते, आईचं करायला. कार्य झाल्यावर जेवण आमच्याकडेच. त्यांची बायको हौशी, सकाळीच चौकात जाऊन इथलं प्रसिद्ध गोड म्हणून लवंगलता घेऊन आली होती. पंगत बसल्यावर ती स्वतः वाढायला उठली. मी स्वयंपाकघरातून तूप घेऊन येत होते. बघितलं तर ती नानांच्या पानाशी वाकलेली, आणि वाटीतून पाक ठिबकतोय.  मी बोलणार होते, पण त्याआधीच नानांनी पानावर हात आडवा धरला.

“नको, बाई.”

“असं कसं, गुरुजी? आज तर आईंचं कार्य. अर्धी तरी घ्याच.”

“अर्धी नाही,” नाना म्हणाले. “आता अख्खी आनंदीची.”

ती बाई गोंधळली. माझ्याकडे पाहिलं, मग पंगतीत आनंदी नावाचं कोण बसलंय ते शोधायला लागली. नानांनी पानावरचा हात काढला नाही.

“माझी बायको,” ते म्हणाले. “तिला गोड फार आवडतं.”